क्रोम-विलेपित निष्कास नळी व तिची विवर्णता

क्रोम-विलेपित निष्कास नळी : मोटारसायकलीच्या सिलिंडरातून बाहेर पडणारे जळके वायू ध्वनिशामकाकडे, म्हणजे रूढ भाषेतील सायलेन्सरकडे, नेणाऱ्या वाकविलेल्या पोलादी नळीस निष्कास नळी म्हणतात. दुरुस्ती करणारे कारागीर तिला ‘बेंड पाइप’ या नावाने ओळखतात. गंजापासून संरक्षण आणि शोभा या दोन हेतूंनी तिच्यावर विद्युत् विलेपनाने प्रथम निकेलाचा व त्यावर क्रोमियमाचा थर चढवितात. एंजिन वापरात आल्यावर सिलिंडराजवळच्या वळणावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, त्यानंतर जांभळा आणि अखेर निळा रंग उमटतो. यालाच नळी ‘निळी पडणे’ असे म्हणतात. हा विलेपनाचा दोष आहे अशी सर्वसाधारण समजूत असून वाहनाचा मालक बहुधा विलेपन करणाऱ्याला बोल लावतो. वस्तुतः हा रंग म्हणजे एंजिनातून किती उष्णता बाहेर पडते आहे याची धातूवर झालेली नोंद असते. ती टाळण्याचे उपाय त्यामुळे विलेपनाच्या हौदात न सापडता कार्बोरेटर, प्रज्वलन व नळीची रचना यांत सापडतात. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचा इतिहास मुख्यतः अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात दिला आहे. वाहनांचे उत्पादन, त्यांची शासकीय चाचणी आणि त्यांना लागणाऱ्या इंधनाचा एक भाग या तिन्ही गोष्टी या एकाच जिल्ह्यात एकत्र आल्या आहेत.

रंगाचे कारण : तापलेल्या धातूवर रंग चढतो हे लोहारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. छिन्नी किंवा विळा यांस पाणी देताना लोहार घासून चकचकीत केलेल्या पात्यावर सरकत येणाऱ्या रंगाकडे पाहत असतो. साध्या कार्बनी पोलादावर सु. २२०° ते २३०° से. तापमानास गवती पिवळा, सु. २८०° से. ला जांभळा व ३००° से. च्या सुमारास निळा रंग येतो आणि योग्य रंग येताच पाते पाण्यात बुडवितात. लोहार ज्या रंगाची वाट पाहतो तोच रंग मोटारसायकलीच्या मालकाला डाग वाटतो, एवढाच काय तो फरक.

हा रंग कोणत्याही रंगद्रव्याचा नसतो. तापलेल्या धातूचा हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन तिच्या पृष्ठावर ऑक्साइडाचा पारदर्शक पापुद्रा तयार होतो. पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून परावर्तित झालेले प्रकाशतरंग आणि त्याच्या तळाशी असलेल्या धातूवरून परत आलेले तरंग यांचे व्यतिकरण होते व पांढऱ्या प्रकाशातील एखादी तरंगलांबी क्षीण होते. पापुद्रा अगदी पातळ असताना निळा प्रकाश क्षीण होतो व नळी पिवळी दिसते. तो जाड होत गेला की हिरवा प्रकाश नाहीसा होऊन जांभळी छटा येते आणि पुढे पिवळा-तांबडा भाग क्षीण झाला म्हणजे निळा रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर व पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच जातीचे होत. धातूंवरील अशा रंगांचा पद्धतशीर अभ्यास केंब्रिज येथील यू. आर. एव्हान्झ यांनी १९२० नंतरच्या दशकात केला. रंग देणाऱ्या पापुद्र्याची जाडी काही दशक नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग) एवढीच असते.

क्रोमियम हा पोलादापेक्षा ऑक्सिडीभवनास बराच अधिक विरोध करणारा धातू असल्यामुळे त्यावर रंग उशिरा, साधारणतः ४००° से. च्या आसपास, दिसू लागतो. मात्र तापमानाबरोबर कालावधीही महत्त्वाचा असतो. कमी तापमानात दीर्घ काळ राहिलेल्या नळीवरही पिवळसर झाक येते. पापुद्रा जसजसा जाड होतो तसतशी त्याच्या वाढीची गती मंदावते. म्हणून नळीचा रंग बहुतांशी वाहन नवे असतानाच ठरून जातो. पहिल्या काही शे किमी. मध्ये जी नळी निळी पडली नाही ती पुढे एकाएकी निळी पडू लागली, तर एंजिनात काही बिघाड झाला असे समजण्यास हरकत नाही.

विलेपनाचा इतिहास : क्रोमियमाचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल्वी-निकोला व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये लावला. त्याच्या संयुगांच्या विविध रंगांवरून ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून त्यास नाव मिळाले. विलेपनासाठी तो उपयोगात येण्यास मात्र सव्वाशे वर्षे जावी लागली. जॉर्ज सार्जंट यांनी १९२० मध्ये क्रोमिक अम्ल व सल्फेट यांच्या विद्रावाविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले आणि कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक व त्यांचे सहकारी यांनी १९२५ च्या सुमारास ही पद्धत व्यवहारात आणली. दर लिटरला सु. २५० ग्रॅ. क्रोमिक अम्ल आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाइतके सल्फ्यूरिक अम्ल हे त्या वेळी ठरलेले प्रमाण अद्यापि मूलतः तेच आहे. विद्राव ४०° ते ४५° से. तापमानास ठेवतात, शिशाच्या मिश्रधातूचे धनाग्र वापरतात व विलेपन करावयाची वस्तू ऋणाग्र म्हणून टांगतात.

त्यापूर्वी मोटारसायकलींच्या नळ्यांवर निकेलाचाच थर असे. निकेल काही दिवसांत मंद होते व वारंवार घासावे लागते. १९३० च्या सुमारास ब्रिटिश उत्पादकांनी क्रोम स्वीकारले आणि न घासता चमकणारी नळी हे मोटारसायकलीचे लक्षणच होऊन बसले. शोभेच्या विलेपनात क्रोमियमाचा थर केवळ ०.२५ ते ०.५ मायक्रोमीटर असतो. निकेलाचा थर १० ते ३० मायक्रोमीटर, म्हणजे त्याच्या कित्येक पट जाड, असतो व गंजाचा खरा प्रतिकार तोच करतो. वरचे क्रोम त्याची चमक टिकविते. एवढ्या पातळ थरात केसाहून बारीक असे असंख्य तडे असतात. दुसऱ्या महायुद्धात आणि पुन्हा कोरियाच्या युद्धकाळात (१९५०–५३) निकेल दुर्मिळ झाल्यामुळे ब्रिटिश मोटारसायकलींवरील विलेपनास कात्री लागली होती. लष्करी मोटारसायकलींवर तर ते मुळीच नसे. चमकणारी नळी शत्रूच्या नजरेस पडते हे कारण उघड आहे. अहमदनगरच्या छावणीत त्या काळी वावरलेल्या संदेशवाहकांच्या गाड्यांना निळ्या डागाची चिंता नव्हती.

भारतात मोटारसायकलींचे उत्पादन १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाल्यापासून रुजू लागले. तिची ३५० घ. सेंमी. ची ‘बुलेट’ ही चार-धावी एंजिनाची गाडी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या गाड्या (१९६१ पासून) आणि एस्कॉर्ट्‌स कंपनीची राजदूत (१९६२ च्या सुमारास) यांची एंजिने दोन-धावी होती. विवर्णतेच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. दोन-धावी एंजिनात दर फेरीस ताज्या मिश्रणाचा काही भाग जळक्या वायूंबरोबर नळीत निसटतो, त्यामुळे वायूंचे सरासरी तापमान कमी राहते. पेट्रोलात मिसळलेले तेल अर्धवट जळून नळीच्या आतल्या बाजूस काजळीचे अस्तर बसते आणि ते उष्णतारोधकाचे काम करते. चार-धावी एंजिनात यांपैकी काहीच घडत नाही. निष्कास झडपेजवळ वायूंचे तापमान भर वेगात ६००° ते ८५०° से. पर्यंत जाते व त्यांचा पहिला तडाखा नळीच्या वळणावर बसतो. बुलेटची नळी एकेरी भिंतीची होती. ती निळी पडे, आणि कित्येक मालकांना ते गाडीच्या पौरुषाचे चिन्हही वाटे.

अहमदनगर जिल्ह्याचा संबंध : अहमदनगर हे ब्रिटिश आमदानीपासून लष्करी ठाणे आहे. चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला यांची तेथे १९४८ मध्ये सध्याच्या स्वरूपात उभारणी झाली. लष्करी वाहनांची चाचणी व विकास करणारी संस्था फाळणीनंतर चकलाला (आता पाकिस्तानात) येथून अहमदनगरला आली. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास प्रतिष्ठान (व्हीआरडीई) ही संस्था तीच होय. तिची प्रयोगशाळा व चाचणी-मार्ग वाहननगर येथे आहेत.

नागरी वाहनांचा अध्याय किनेटिक एंजिनिअरिंग या कंपनीने सुरू केला. अहमदनगरच्या फिरोदिया कुटुंबातील हस्तीमल फिरोदिया हे तिचे संस्थापक. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते असून मुंबई विधानसभेचे सभापती होते. कंपनीने १९७२ मध्ये लूना ही ५० घ. सेंमी. ची पेडलयुक्त मोपेड बाजारात आणली. इटलीतील प्याज्यो कंपनीच्या ‘चाओ’ या वाहनावर ती आधारलेली होती. शिक्षक, पोस्टमन, दूध घालणारे, बाजारकरी अशा ज्या वर्गाला मोटारसायकल परवडत नव्हती त्याच्या हाती लूनामुळे यांत्रिक वाहन आले. या वर्गाला नळीच्या रंगाशी कर्तव्य नव्हते. दोन-धावी एंजिनाच्या छोट्या वाहनाची खरी तक्रार उलट जातीची असते : काजळी साठून सायलेन्सर तुंबतो, गाडी ओढत नाही व तो उघडून जाळून साफ करावा लागतो. जिल्ह्यातील पहिल्या पिढीच्या कारागिरांचे निष्कास नळीविषयीचे ज्ञान अशा रीतीने काजळीपासून सुरू झाले.

हे चित्र १९८५ नंतर पालटले. त्या वर्षी हीरो होंडा कंपनीची सीडी १०० ही १०० घ. सेंमी. ची चार-धावी मोटारसायकल आली आणि कमी पेट्रोलात जास्त अंतर जाण्याच्या तिच्या गुणामुळे ग्रामीण भागात चार-धावी गाड्यांचा प्रसार झाला. १९९१ मध्ये बजाज कंपनीनेही कावासाकीच्या सहकार्याने चार-धावी गाडी आणली. त्याच वर्षी देशात पेट्रोल वाहनांच्या निष्कास वायूंवर मर्यादा घालणारे पहिले निकष लागू झाले. दुचाकींसाठी १९९६ मध्ये कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा दर किमी. ला ४.५ ग्रॅ. होती, ती २००० साली २ ग्रॅ. करण्यात आली. हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांची एकत्रित मर्यादा ३.६ ग्रॅ. वरून २ ग्रॅ. वर आली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वाहनांच्या नमुन्यांची चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनबरोबर अहमदनगरच्या व्हीआरडीईचाही समावेश आहे.

या निकषांचा नळीच्या रंगाशी थेट संबंध पोहोचतो. कार्बन मोनॉक्साइड कमी करण्यासाठी मिश्रणातील पेट्रोलाचे प्रमाण घटवावे लागते. पूर्वीचे मिश्रण गरजेपेक्षा दाट असे व जादा पेट्रोलाच्या बाष्पीभवनामुळे वायू काहीसे थंड राहत. ते पातळ होताच निष्कास वायूंचे तापमान चढते. शिवाय अनेक गाड्यांत निष्कास द्वाराशी मुद्दाम ताजी हवा सोडण्याची योजना करण्यात आली, जेणेकरून न जळलेले इंधन नळीतच जळावे. सांध्यातून नळीत हवा शिरणे हा ज्यांनी आयुष्यभर दोष म्हणून दुरुस्त केला त्या कारागिरांना हीच गोष्ट कारखान्यातून बसवून आलेली पाहावी लागली. स्वच्छ हवेची थोडी किंमत चकचकीत नळीने मोजली, असे म्हणता येईल. ती योग्यच होती.

प्रतिबंध : विवर्णता टाळण्याचे उपाय तीन प्रकारचे आहेत, पण त्यांचे महत्त्व सारखे नाही. पहिला व सर्वांत परिणामकारक उपाय एंजिनाच्या जुळणीचा आहे. ठिणगी उशिरा पडत असेल, तर ज्वलन लांबते, दट्ट्या खाली गेल्यावरही मिश्रण जळत राहते व ज्वाळेसह वायू नळीत शिरतात. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत याचे नेहमीचे कारण अगदी क्षुल्लक असे. काँटॅक्ट ब्रेकरमधील तंतुमय टाच झिजते, बिंदूंमधील फट (सु. ०.३५ ते ०.४० मिमी.) कमी होते आणि ठिणगी आपोआप मागे पडते. फट मोजण्याच्या पात्याने पाच मिनिटांत होणारे हे काम न केल्यामुळे कित्येक नळ्या पुन्हा विलेपनास गेल्या. कार्बोरेटर व सिलिंडर यांमधील रबरी जोड चिरला, जेट अंशतः तुंबला किंवा मालकाने पेट्रोल वाचविण्यासाठी स्क्रू फिरवून मिश्रण अवाजवी पातळ केले, तरी हाच परिणाम होतो. ठिणगी-गुडदीचे (स्पार्क प्लगचे) टोक पाहून याची पारख करता येते. ते फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य, पांढरे असल्यास पातळ आणि काळे असल्यास दाट समजतात. निष्कास झडपेची फट फार कमी ठेवल्यास झडप नीट बसत नाही व ज्वाळा गळते. नळी सिलिंडरास जेथे जोडली जाते तेथील कडे जुने झाले असल्यास बाहेरची हवा आत शिरते, न जळलेले मिश्रण नळीत पेटते आणि वेग कमी करताना फटफट असा आवाज येतो. हा आवाज ऐकू येत असता केवळ नळी घासत बसणे व्यर्थ होय.

गाडी उभी ठेवून एंजिन चालू ठेवणे हेही एक मोठे कारण आहे. धावत्या गाडीची नळी वाऱ्याने थंड होते. उभ्या गाडीला तो आधार नसतो. जुळणी करण्यासाठी कारागीर एंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवतो व नवी नळी त्याच्या डोळ्यांदेखत रंगते. यासाठी चाचणीगृहात नळीसमोर मोठा पंखा ठेवतात. गावच्या गॅरेजात घरगुती पंख्यानेही पुष्कळ काम होते. दसरा-पाडव्याला घेतलेली नवी गाडी दारात उभी करून कौतुकाने गुरगुरत ठेवण्याची हौस नळीला फार महाग पडते. ओझे लादून कमी गिअरमध्ये चढण चढताना, उदा., अकोले तालुक्यातील घाटांत, असाच परिणाम दिसतो, पण तो टाळण्याजोगा नाही.

दुसरा उपाय रचनेचा. नळीत नळी घालून दोन्हींमध्ये काही मिमी. ची हवेची पोकळी ठेवली, तर वायूंची उष्णता आतल्या नळीपुरती राहते व विलेपित बाहेरची नळी विवर्णतेच्या तापमानाच्या खाली राहते. पोलादाच्या मानाने हवेची उष्णता-संवाहकता हजारपटींहून कमी आहे. जपानी उत्पादकांनी आपल्या चार-धावी गाड्यांवर ही दुहेरी नळी मोठ्या प्रमाणावर वापरली. एकेरी नळीवर छिद्रे असलेली क्रोम-विलेपित ढाल बसविणे ही त्याचीच स्वस्त आवृत्ती होय. मूळ नळी आत निळी पडतेच, पण डोळ्यांना ढालीची चमक दिसते. चालकाचा पाय भाजण्यापासूनही वाचतो. नव्या, न वापरलेल्या नळीत उष्णतारोधक सिरॅमिक द्रव ओतून, ती फिरवून आतून लेप देण्याची पद्धतही प्रचारात आहे. हा लेप एंजिन एकदाही चालू होण्यापूर्वी द्यावा लागतो. काजळी किंवा गंज असलेल्या नळीत तो धरत नाही.

तिसरा प्रकार निगेचा असून त्याविषयी गैरसमज सर्वांत जास्त आहेत. बाहेरून मेण किंवा पॉलिश लावल्याने नळी निळी पडणे थांबत नाही, ४००° से. ला कोणतेही मेण टिकत नाही. हाताचे तेलकट ठसे, वंगण आणि रस्त्यावरील चिखल मात्र गरम नळीवर भाजून पक्के होतात. त्यामुळे नवी नळी प्रथम तापण्याआधी रॉकेल किंवा स्पिरिटाने पुसून कोरडी करणे हितावह असते. काळ्या जमिनीच्या भागात पावसाळ्यात उडालेला चिखल नळी थंड झाल्यावर, पण वाळण्यापूर्वी धुवावा. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात हवा बरीच कोरडी असल्याने कोकणाप्रमाणे खारट हवेने क्रोमखालून गंज फुटण्याचा प्रकार कमी आढळतो व विवर्णता हाच डोळ्यांत भरणारा दोष ठरतो.

उमटलेला रंग सौम्य पॉलिशने निघतो, कारण ऑक्साइडाचा पापुद्रा तेवढा खरवडला जातो. पण क्रोमचा थर अर्ध्या मायक्रोमीटरहून जाड नसतो हे ध्यानात ठेवले पाहिजे. वारंवार घासले की खालचे पिवळसर निकेल उघडे पडते आणि ते उष्णतेने अधिकच काळवंडते. काच-कागद व लोखंडी काथ्या वर्ज्य समजावीत. शौचालय साफ करण्याचे अम्ल वापरून डाग काढण्याची खोड काही ठिकाणी आहे. हायड्रोक्लोरिक अम्लात क्रोमियम विरघळते, किंबहुना जुने क्रोम उतरविण्यासाठी विलेपन करणारे तेच वापरतात. तड्यांतून निकेल व पोलादच ऑक्सिडीभूत होऊन आलेला तपकिरी डाग कोणत्याही उपायाने जात नाही. तेथे पुन्हा विलेपन हाच मार्ग उरतो.

पुनर्विलेपन आणि त्याची किंमत : जुनी नळी घासून, म्हणजे ‘बफिंग’ करून, तिच्यावर पुन्हा ‘निकल मारून’ देणारी छोटी दुकाने बहुतेक औद्योगिक शहरांत असतात. नळी निळी पडू न देण्याचा प्रश्न केवळ हौसेचा का नाही, हे या दुकानांत समजते. क्रोमिक अम्लाच्या विद्रावातून जाणाऱ्या विजेपैकी केवळ १० ते २० टक्के वीज धातू बसविण्याच्या कामी येते. उरलेल्या विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बुडबुडे उठतात आणि ते फुटताना क्रोमिक अम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. या विद्रावातील क्रोमियम षट्संयुजी असते. तुषारांमुळे हौदापाशी काम करणाऱ्यांच्या बोटांवर खोल, न दुखणारे व्रण पडतात आणि नाकातील पडद्याला भोक पडते. पडदा फाटला तरी वेदना फारशी होत नसल्यामुळे पुष्कळदा त्या माणसाला ते बऱ्याच उशिरा कळते. षट्संयुजी क्रोमियमाची संयुगे फुप्फुसाच्या कर्करोगास कारणीभूत होतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये निश्चित केले. नळीवर बसलेले धातुरूप क्रोमियम मात्र असे घातक नसते; धोका ते बसविणाऱ्याला असतो, गाडी वापरणाऱ्याला नसतो.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत क्रोम व्रणाचा समावेश कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत करण्यात आला होता. हौदाच्या काठाशी तुषार खेचून घेणारी शोषण-योजना, रबरी हातमोजे व बूट आणि हात व नाक यांची ठराविक काळाने तपासणी हे उपाय माहितीचे आहेत. तथापि दोन-चार माणसांच्या बळावर चालणारी दुकाने कामगारसंख्येच्या अटीमुळे कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहत आली. जिथे धोका सर्वांत जवळून सोसावा लागतो तेथेच तपासणी सर्वांत विरळ, अशी ही विपरीत स्थिती आहे.

पाण्याचा प्रश्न याहून व्यापक आहे. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमाचे प्रमाण लिटरला ०.०५ मिग्रॅ. पेक्षा अधिक नसावे असे भारतीय मानक आहे. विलेपनाच्या एका लिटर विद्रावात सु. १३० ग्रॅ. क्रोमियम असते. तो तसाच ओतून दिला, तर ही मर्यादा गाठण्यासाठी त्यात २६ लक्ष लिटर पाणी मिसळावे लागेल. वार्षिक पर्जन्य कमी असलेल्या व विहिरींवर पुष्कळसा अवलंबून असलेल्या जिल्ह्यात या आकड्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. सांडपाणी निर्धोक करण्याची पद्धत अवघड नाही. अम्लयुक्त पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून षट्संयुजी क्रोमियमाचे त्रिसंयुजी रूप करतात, नंतर चुन्याने त्याचा साका पाडतात व तो साका अधिकृत जागी साठवितात. त्रिसंयुजी क्रोमियमाचेच हौद वापरण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकापासून उपलब्ध आहे. तिच्यात मिळणारी झाक किंचित काळसर असल्यामुळे जुन्या गाड्यांचे शौकीन तिला नाखूश असतात. यूरोपीय संघाने २०१७ पासून क्रोमिक अम्लाच्या मूळ ऑक्साइडाचा वापर परवानगीवाचून बंद केला.

अलीकडील स्थिती : भारत स्टेज-६ हे निकष एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतर कार्बोरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. ऑक्सिजन संवेदकाच्या साहाय्याने मिश्रणाचे प्रमाण सतत राखले जाते व उत्प्रेरकी परिवर्तक एंजिनाच्या जवळ बसविलेला असतो. त्यात होणाऱ्या विक्रियांमुळे नळी पूर्वीपेक्षाही अधिक तापते. उत्पादकांनी यावर काढलेला तोडगा साधा आहे : बहुतेक गाड्यांच्या नळ्या अगंज पोलादाच्या असून त्यांवर काळा उष्णतासह रंग दिलेला असतो. रंग न दिलेल्या अगंज पोलादावरही सु. २९०° से. पासून पिवळी छटा येते, पण त्यावर सोलून निघणारा थर नसल्यामुळे ती निर्धास्तपणे घासता येते. क्रोम-विलेपित नळी जुन्या घाटाच्या काही नमुन्यांपुरती उरली आहे. किनेटिक समूहाचा दुचाकींचा व्यवसाय २००८ मध्ये महिंद्र समूहाकडे गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये किनेटिक ग्रीन या कंपनीने लूनाचे नाव पुन्हा बाजारात आणले, ते विजेवर चालणाऱ्या व म्हणून निष्कास नळी नसलेल्या वाहनाला.

रस्त्यावर असलेल्या जुन्या कार्बोरेटरयुक्त गाड्यांपुढे मात्र इंधनातील बदलाने नवा प्रश्न उभा केला आहे. पेट्रोलात एथॅनॉल मिसळण्याचा प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये जिल्ह्याच्या सीमेपलीकडील मनमाड (जि. नासिक) येथे व अन्य दोन ठिकाणी सुरू झाला. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आले, देशात १० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२२ मध्ये व २० टक्क्यांचे २०२५ मध्ये गाठले गेले. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीच्या या जिल्ह्यात कारखान्यांच्या आसवन्यांतून एथॅनॉल तयार होते. एथॅनॉलात वजनाने सु. ३५ टक्के ऑक्सिजन असल्यामुळे त्याला ज्वलनासाठी हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलाच्या १ भागास हवेचे १४.७ भाग लागतात, तर २० टक्के एथॅनॉल असलेल्या मिश्रणास सु. १३.५ भाग पुरतात. शुद्ध पेट्रोलासाठी बेतलेला जेट न बदलता हे इंधन वापरल्यास मिश्रण सु. ८ टक्क्यांनी पातळ होते. एथॅनॉलाचे बाष्पीभवन होताना अधिक उष्णता शोषली जात असल्याने याचा काही अंश भरून निघतो. तरीही मुळातच पातळ जुळणी असलेल्या गाडीची नळी रंगते, आणि निष्कास झडपही जळण्याचा धोका असतो. अशा गाडीत एक आकारमान मोठा जेट घालून काही किमी. चालविल्यावर ठिणगी-गुडदीचे टोक पाहतात व ते फिकट तपकिरी येईपर्यंत जेट बदलतात. त्यानंतरच नवी अथवा पुनर्विलेपित नळी बसवितात.